विदर्भ आणि सह्याद्रीतली जंगली हरणे: ओळख आणि शोध (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाटापासून कोयना-चांदोलीपर्यंत फिरणाऱ्यांकडून हरणांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर आहे तो शिंगे नसलेल्या जनावराच्या ओळखीवर. कळपात माद्या आणि पिल्लेच जास्त असतात, आणि नरांचीही शिंगे वर्षातले काही महिने गळालेली असतात. नुसत्या शिंगांवर भिस्त ठेवली तर समोर आलेली बहुतेक हरणे ओळखताच येत नाहीत.

महाराष्ट्राच्या जंगलात हरणांच्या जाती किती?

दरवर्षी शिंगे गळून नवी येतात ते हरीण, असे धरले तर तीनच: चितळ, सांबर आणि भेकर. चौथी पिसोरी. तिला हरणांत मोजतात खरे, पण नराला किंवा मादीला शिंगे नसतात आणि तिचे कूळही वेगळे आहे. चौसिंगा, काळवीट, चिंकारा आणि नीलगाय (विदर्भात रोही) यांची शिंगे आयुष्यभर टिकतात, कारण हाडाच्या गाभ्यावर शिंगाचे आवरण चढलेले असते. ही जनावरे गाई-बकऱ्यांच्या कुळातली, म्हणजे कुरंग.

बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. ओळखताना मात्र एक नियम हाताशी ठेवा: शिंगाला फाटा असेल तर तो कुरंग नव्हे. उलट बाजूने हा नियम चालत नाही. चितळाच्या तरण्या नराची पहिली शिंगे बिनफाट्याची, सरळ सुळक्यासारखी असतात आणि त्यावरून फसगत होते.

काळवीट आणि चिंकारा हे माळरानाचे रहिवासी. दाट झाडीत ‘काळवीट दिसला’ असे कोणी सांगितले तर बहुतेक वेळा तो चितळ नाहीतर चौसिंगा असतो.

शिंगे नसतील तर ओळखायचे कशावरून?

क्रम असा ठेवा: आधी उंची, मग पाठ आणि मानेची रेषा, मग शेपूट, मग पाय, आणि रंग सगळ्यात शेवटी. पहाटेच्या उन्हात सगळेच तांबूस दिसते, ढगाळ दिवशी सगळेच करडे दिसते. रंगावरून सुरुवात केली की पुढचे सगळे चुकत जाते.

उंची म्हणजे खांद्याची, डोक्याची नव्हे. आपल्याच शरीराशी ताडून पाहा:

- पिसोरी: २५ ते ३० सेंटीमीटर. आपल्या पोटरीपर्यंत.
- भेकर आणि चौसिंगा: ५० ते ६५ सेंटीमीटर. गुडघ्याच्या जरा वर.
- चितळ: नर साधारण ९० सेंटीमीटर, मादी त्याहून बारीक. कंबरेच्या खालीवर.
- सांबर: १२० ते १५० सेंटीमीटर. छातीपासून खांद्यापर्यंत.
- रोही: उंचीला सांबराएवढीच.

लांबून अंदाज येत नसेल तर जनावर निघून गेल्यावर ते उभे होते तिथल्या गवताशी, वारुळाशी किंवा झाडाच्या बुंध्याशी तुलना करा. सफारीत गाडीखाली उतरता येत नाही, पण गाईडला विचारले तर ‘तो दगड एवढा आहे’ असे तो नेमके सांगतो.

अंधूक उजेडात चितळ आणि सांबर यांत गोंधळ होतो. काय बघावे?

ठिपक्यांचा नाद सोडा. पंचवीस-तीस मीटरवर, सावलीत, चितळाचे ठिपके डोळ्यांना दिसेनासे होतात. त्याऐवजी गळा पाहा. चितळाच्या गळ्यावर वरच्या बाजूला पांढरा डाग असतो, पोटाखालची बाजू आणि पायांच्या आतल्या बाजूही पांढऱ्या असतात. हे पांढरे भाग अंधारातही उठून दिसतात. सांबर एकसारखे मातकट, जुना नर तर जवळजवळ काळपट.

दुसरी खूण कान. सांबराचे कान रुंद आणि मोठे. समोरून पाहिले तर डोक्यापेक्षा कानच आधी लक्षात येतात. मानेवर दाट राठ केस असल्याने मान जाड वाटते, नराची तर फारच. चितळाची मान सडपातळ.

तिसरी खूण संख्या आणि वागणूक. चितळ दहा, वीस, कधी त्याहून मोठ्या कळपात, उघड्यावर. सांबर एकटे, किंवा मादी-पिल्लू अशी दोन-तीन, झाडीच्या कडेला. संशय आला की सांबर निश्चल उभे राहते, इतके की सफारीची गाडी (जिप्सी) समोरून निघून जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. चितळ पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि शेपूट वर करते. शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. सांबराची शेपूट झुपकेदार आणि टोकाकडे काळी.

सांबर की रोही?

पाठीची रेषा पाहिली की निकाल लागतो. रोहीचे खांदे उंच आणि पुठ्ठे उतरते, त्यामुळे पाठ मागे घसरलेली दिसते. सांबराची पाठ बरीचशी सपाट. मग पाय: रोहीच्या खुरांच्या वर पांढरे पट्टे असतात, सांबराला ते नसतात. रोहीचा नर निळसर करडा, गळ्याला केसांचा झुपका, शिंगे अंगाच्या मानाने अगदीच आखूड. मादी पिवळसर तपकिरी आणि बिनशिंगाची. सांबर मादी म्हणून नोंदवली जाते ती हीच.

जागाही मदत करते. रोही शेताच्या कडेला, झुडपी रानात, उघड्यावर. दाट बांबूत, डोंगरउतारावर, ओढ्याच्या घळीत असेल तर सांबर.

भेकर आणि चौसिंगा सगळ्यात अवघड जातात. खात्रीने कसे ओळखावे?

अवघड जातात हे खरेच. दोन्ही एकाच उंचीचे, वजनाला वीस किलोच्या आसपास, दोन्ही एकटे राहणारे, आणि दोन्ही दिसतात ते दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात सगळे पाहता येत नाही, म्हणून कुठे नजर लावायची हे आधीच ठरवलेले असावे.

आधी पुढचे पाय. चौसिंग्याच्या पुढच्या पायांवर समोरून गडद पट्टा वरून खाली उतरतो. जनावर तुमच्याकडे तोंड करून उभे असेल तर हा पट्टा सहज दिसतो, आणि तो मादीलाही असतो. मादीला शिंगे नसल्यामुळे हीच खूण सगळ्यात कामाची.

मग चेहरा. भेकराच्या कपाळावरून दोन गडद रेषा खाली एकमेकींकडे येतात आणि नाकाकडे निमुळत्या होत जातात. नरात याच रेषांवरून हाडाचे, केसाळ कातडीने मढलेले उंचवटे वर जातात आणि त्यांच्या टोकावर आखूड शिंगे येतात. शिंगे गळली तरी हे खुंट राहतात. मादीच्या कपाळावर त्या जागी केसांचे छोटे झुबके असतात. चौसिंग्याच्या कपाळावर अशा रेषा नसतात. त्याचे नाक-तोंड मात्र गडद असते.

रंग भेकराचा तांबूस, चकाकी असलेला. चौसिंगा त्या मानाने फिकट, पिवळट तपकिरी, केस राठ.

चाल आणि पळणे यांतही फरक आहे. भेकर डोके खाली घालून, पाठ किंचित कमानदार करून झुडपांखालून सरकते, आणि पळताना शेपूट उभी करून खालचा पांढरा भाग दाखवते. चौसिंगा झटके देत, तुटक पावलांनी जातो.

चौसिंग्याच्या नराची चार शिंगे दिसलीच पाहिजेत असे नाही. मागची जोडी आठ-दहा सेंटीमीटरची असते, पण पुढची जोडी दोन-चार सेंटीमीटरची, आणि तरण्या नरात तिचे नुसते टेंगूळ असते. लांबून दोनच दिसतात. दोन सरळ, गुळगुळीत, बिनफाट्याची शिंगे आणि पायावर गडद पट्टा असेल तर चौसिंगाच. भेकराच्या शिंगाचे टोक आत वळलेले असते आणि बुडाशी छोटासा फाटा असतो.

राहण्याची जागा पाहूनही अंदाज बांधता येतो. चौसिंग्याला कोरडे, विरळ, गवताळ आणि डोंगराळ रान लागते, पण पाणी जवळ हवे. भेकराला दाट, ओलसर झाडी आणि ओढ्याकाठ आवडतो. मेळघाटातल्या उघड्या सागाच्या उतारावर चौसिंगा जास्त संभवतो, तर भीमाशंकर-कोयनेच्या गर्द रानात भेकर. ताडोबा-नागझिऱ्यात दोन्ही आहेत, तिथे खुणा पाहूनच ठरवा.

मोठ्या शिंगांचा चितळ म्हणजे बारशिंगा का?

नाही. आपल्याकडे कोणत्याही भारदस्त शिंगांच्या नराला बारशिंगा म्हणायची सवय आहे, पण ती जात महाराष्ट्राच्या जंगलात नाही. जवळची जागा म्हणजे मध्य प्रदेशातले कान्हा. तिथे १९७० मध्ये बारशिंगे अवघे ६६ उरले होते. बंदिस्त कुंपणात जपून आणि कुरणे मोकळी करून ही संख्या पुन्हा वाढवली गेली.

फाटे मोजा. चितळ आणि सांबर यांच्या पूर्ण वाढलेल्या प्रत्येक शिंगाला तीन टोके असतात. बारशिंग्याच्या दोन्ही शिंगांची मिळून दहा ते चौदा. चितळाचे शिंग बारीक, बाहेर झुकून वर वळणारे, आणि कपाळालगतचा फाटा जवळजवळ काटकोनात निघतो. सांबराचे शिंग जाडजूड, खडबडीत; खालचा फाटा वर झुकलेला आणि टोकाला दुबेळके.

शिंगांवर कातडी लोंबते आहे, एकच शिंग आहे, शिंगाला रक्त आहे. जनावर जखमी आहे का?

बहुधा नाही. जुने शिंग गळाल्यावर नवे वाढते तेव्हा त्यावर मऊ केसाळ कातडी असते. तिला मखमल म्हणतात, आणि त्या कातडीतल्या रक्तवाहिन्या वाढत्या शिंगाला पोसतात. वाढ पूर्ण झाली की ही कातडी सुकते आणि नर झाडांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. त्या दिवसांत चिंध्या लोंबतात, थोडे रक्त दिसते. दोन्ही शिंगे एकाच वेळी गळतातच असे नाही, मध्ये काही दिवस जाऊ शकतात. म्हणून एकशिंगी नर दिसतो.

मध्य भारतात सांबराचा माज नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. शिंगे उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, पावसाळाभर मखमल असते. चितळाचे गणित वेगळे: माजाचा जोर उन्हाळ्यात, आणि सगळ्या नरांचे वेळापत्रक एक नसते. एकाच कळपात टणक शिंगांचा, मखमलीचा आणि बोडका असे तिन्ही नर दिसू शकतात. त्यामुळे बोडका दिसला की मादी, असे लिहून मोकळे होऊ नका. गळ्याची जाडी, चेहऱ्यावरची काळपट झाक आणि कपाळावरचे खुंट पाहा.

सांबराच्या गळ्याखाली केस गेलेली लाल जखम दिसली. वनखात्याला कळवावे का?

गरज नाही. सांबराच्या गळ्याच्या खालच्या बाजूला असा उघडा, ओला, लालसर चट्टा येतो, नरांत आणि माद्यांतही. माजाच्या काळात तो ठळक असतो. पोटावर, पुठ्ठ्यावर किंवा पायावर जखम असेल, जनावर लंगडत असेल, तर गाईडला किंवा वनरक्षकाला जागा सांगा.

पिसोरी दिसते का? आणि तीच कस्तुरीमृग का?

कस्तुरीमृग हिमालयातला, त्याचा आणि पिसोरीचा संबंध नाही. पिसोरी रात्री फिरते, दिवसा झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत किंवा दाट पाल्यात दडून बसते. वजन तीन किलोच्या आसपास, अंगावर पांढरे ठिपके आणि लांबट पट्टे, मागचा भाग उंच, पाय काडीएवढे. सह्याद्रीत आणि विदर्भातही ती आहे, पण ठरवून दिसण्यातली नाही. पहाटे रस्त्यावरून सशाएवढे काही आडवे गेले आणि त्याला लांब कान नव्हते, तर पिसोरीचा विचार करा. आधी भेकराचे पाडस नाही ना याची खात्री करा. तेही ठिपकेदार असते, पण पाय लांब आणि जवळपास आई असते.

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी जावे?

पाहायला सोपे म्हणजे मार्च ते मे. पानगळ झालेली, गवत वाळलेले, पाणवठे मोजके. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात तेव्हा चितळ, सांबर, भेकर सगळेच पहाटे झाडाखाली येतात. तिथे अस्वलही येते, म्हणून पायी असाल तर मोहाच्या झाडाजवळ अंधारात जाऊ नका.

शिकायला चांगले म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. सांबर माजावर असते, शिंगे पूर्ण असतात, सकाळच्या थंडीत जनावरे उन्हाला उभी राहतात आणि निवांत पाहता येतात.

दिवसाचा पहिला दीड तास आणि शेवटचा दीड तास महत्त्वाचा. चितळ सकाळी उशिरापर्यंत चरतात. सांबर उजाडताच झाडीत शिरते. उन्हाळ्यात मात्र भर दुपारीही पाण्यात उभे असते, पाणवनस्पती खाते, चिखलात लोळते. ताडोबा मंगळवारी बंद असते आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद. निघण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना पाहून घ्या.

गाडीतून किंवा पायी शोधताना नजर कशी फिरवावी?

जंगलात उभ्या रेषा जास्त: बुंधे, बांबू. हरणाची पाठ आणि पोट या आडव्या रेषा. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत आडवी रेषा शोधा. मग हालचाल: कान फडफडणे, शेपूट झटकणे. पूर्ण हरीण शोधत बसलात तर दिसणार नाही. आधी कान किंवा पाय दिसतो आणि बाकीचे त्याला जोडत जायचे.

लंगूर वानरांच्या झाडाखाली हमखास पाहा. वानरे खातात कमी आणि खाली टाकतात जास्त. त्या पानाफळांसाठी चितळ खाली गोळा होतात.

पायी फिरायची परवानगी असेल तिथे अशी पद्धत ठेवा. चिमूटभर माती सोडून वारा पाहा आणि वारा तोंडावर येईल अशा दिशेने चाला. पंधरा-वीस पावले टाका, मग पूर्ण मिनिटभर थांबा. सलग चालण्याचा आवाज हरणाला लांबून कळतो. जनावर दिसले की सरळ त्याच्याकडे जाऊ नका, रोखून पाहत हात दाखवू नका. तिरके जा किंवा तिथेच बसा. त्याने चरणे थांबवून मान वर केली म्हणजे तुम्ही मर्यादेवर पोहोचलात. पाय आपटला म्हणजे ओलांडली, दोन पावले मागे या.

मळकट रंगाचे, न सळसळणारे कपडे घाला आणि अत्तर नको. रात्री टॉर्चच्या झोतात जनावरे शोधू नका, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका.

दुर्बीण आणि कॅमेरा कोणता?

८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. दहापट मोठे दाखवणारी घेतली की हलत्या जिप्सीत चित्र थरथरते आणि झाडीत जनावर सापडेपर्यंत ते निघून जाते. फोटो ओळखीसाठी हवा असेल तर चेहऱ्याचा एकच सुंदर फोटो नको. बाजूने पूर्ण शरीर, पुढचे पाय आणि शेपूट येईल असा एक काढा. जनावर पळत असेल तर व्हिडिओ घ्या, शेपूट त्यातच सापडते.

हाकेवरून हरीण ओळखता येते का? आणि हाक आली म्हणजे वाघ आहेच का?

जात नक्की ओळखता येते. चितळाची धोक्याची हाक उंच पट्टीतली, आखूड आणि धारदार, पुन्हा पुन्हा येणारी. सांबराची भरघोस, ‘पोंक’ किंवा ‘ढांक’ अशी, मध्ये थांबून येणारी, डोंगरात लांबवर घुमते. भेकर कुत्रा भुंकल्यासारखे भुंकते, आणि एकदा सुरू झाले की बराच वेळ. कोयना-भीमाशंकरच्या रानात रात्री कुत्रा भुंकतो आहे असे वाटते आणि जवळपास वस्ती नसते, तेव्हा ते भेकर. चौसिंगा बसक्या आवाजात ‘फाँक’ करतो.

चितळाच्या नराची माजावरची ओरड वेगळी. ती लांबट, घोगरी, दोन-तीनदा सलग येते आणि उन्हाळ्यात दिवसभर ऐकू येते. तिला धोक्याची हाक समजून गाड्या पळवल्या जातात, तो वेळ वाया जातो. ओरडणाऱ्या नराकडे पाहा: आजूबाजूचे कळप शांत चरत असतील तर धोका नाही.

आता वाघाबद्दल. चितळ बिबट्या, रानकुत्री, कोल्हा, माणूस, नुसती सळसळ, कशालाही हाक देते. एकट्या चितळाच्या दोन-तीन हाकांवर विश्वास टाकू नये. सगळा कळप एकाच दिशेला कान-नाक रोखून उभा असेल आणि वर वानरही खाकरत असेल, तर काहीतरी आहे. सांबर सहसा शिकारी प्राणी दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय हाक देत नाही, म्हणून गाईड सांबराच्या कॉलवर जास्त भरवसा ठेवतात. रानकुत्री मागे लागली तर सांबर पाण्यात उतरून तोंड देत उभे राहते.

आमची एक विनंती आहे. कॉल ऐकू आला की हरणाकडे पाठ फिरवून वाघाची वाट पाहण्याआधी अर्धा मिनिट त्या हरणाकडे पाहा. शेपूट, पाय, कान, सगळ्या खुणा तेव्हा एकदम उघड्या होतात; एरवी तासभर थांबूनही त्या दिसत नाहीत.

खुरांचे ठसे कसे वेगळे करावेत?

आधी हरीण की रानडुक्कर ते ठरवा. डुकराच्या ठशात मागची दोन छोटी खुरे मुख्य खुरांच्या बाहेर रुंद उमटतात आणि पुढची टोके बोथट असतात. हरणाची टोके निमुळती. पण ओल्या चिखलात किंवा पळताना हरणाचीही खुरे फाकतात आणि मागची छोटी खुरे उमटतात, म्हणून एकाच ठशावर निर्णय घेऊ नका. घट्ट, दमट मातीवरचे सलग चार-पाच ठसे शोधा.

लांबी मोजताना मागची छोटी खुरे धरू नका. पिसोरीचा ठसा दोन सेंटीमीटरच्या आत, भेकर-चौसिंग्याचा तीन-चार, चितळाचा पाचच्या आसपास आणि लांबट हृदयाकृती, सांबराचा सात-आठ किंवा जास्त. रोहीचा ठसा सांबराएवढाच पण टोकाकडे बोथट. भेकर आणि चौसिंगा नुसत्या ठशावरून वेगळे सांगणारा माणूस बहुधा जागेवरून अंदाज करत असतो. मोठ्या चितळ नराचा ठसा आणि सांबराच्या पाडसाचा ठसाही सारखाच येतो, तेव्हा शेजारी मोठा ठसा आहे का ते बघा.

फोटो काढताना शेजारी पेन किंवा नाणे ठेवा आणि कॅमेरा बरोबर वरून धरा. तिरक्या फोटोतून मोजमाप निघत नाही.

लेंड्या आणि झाडांवरच्या खुणांवरून काही कळते का?

कळते. एकाच जागी जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग असेल तर रोही किंवा चौसिंगा, कारण दोघेही त्याच जागी परत येतात. लेंडीच्या आकारावरून दोघांत गल्लत होत नाही. चितळाच्या लेंड्या चरता चरता पसरलेल्या असतात. पावसाळ्यात कोवळ्या गवताने लेंड्या चिकटून गोळा होतो, तेव्हा आकारावरून जात ठरवू नये.

झाडाची साल घासलेली दिसली तर उंची पाहा. कंबरेपर्यंतच्या बारीक रोपट्यावर चितळ, छातीच्या वरपर्यंत जाड बुंध्यावर सांबर. चिखलाच्या डबक्यात केस आणि शेजारच्या बुंध्याला वाळलेला चिखल असेल तर तोही सांबर किंवा रानडुक्कर. कोण ते चिखलाची उंची सांगते.

सह्याद्रीत चितळ का दिसत नाहीत?

चितळाला गवत आणि सपाट, मोकळी जमीन लागते. सदाहरित रानात खाली ऊन पोहोचत नाही, गवत कमी, चढ-उतार तीव्र. म्हणून कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर इथे सांबर, भेकर आणि पिसोरी यांची अपेक्षा धरा. विदर्भाच्या सवयीने उघड्यावरचे कळप शोधत फिरलात तर हात हलवत परताल. इथे पहाटे पाणवठ्याची वाट, ठसे आणि भेकराची हाक यांवरच काम चालते.

मुंबई-पुण्याजवळ सराव कुठे करता येईल?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर: चितळ सहज, सांबर आणि भेकर नशिबाने. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उजाड टेकड्यांवर रान उभे राहिले आणि हरणे आणून सोडली गेली. सांबर, चितळ आणि काळवीट एकाच जागी शेजारी पाहायला मिळतात, त्यामुळे तुलनेसाठी याहून चांगली जागा नाही. चिंकाऱ्यासाठी पुणे जिल्ह्यातले मयूरेश्वर-सुपे, काळविटासाठी अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे रेहेकुरी.

पाडस एकटे बसलेले सापडले. उचलावे का?

उचलू नका, हात लावू नका. आई चरायला जाताना पिल्लाला गवतात लपवून ठेवते आणि पाजण्यापुरती परत येते. पिल्लू हलत नाही, ओरडत नाही. ते अनाथ असल्याची ही खूण नव्हे. तुम्ही जवळ उभे राहिलात तर आई येणार नाही, म्हणून लगेच दूर जा. जखम असेल, माश्या घोंघावत असतील, शेजारी आई मेलेली असेल किंवा गावची कुत्री मागे असतील, तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. दूध पाजू नका, घरी नेऊ नका. माणसाळलेले नर चितळ शिंगे आल्यावर माणसाच्या अंगावर येतात.

जंगलात पडलेले शिंग घरी आणले तर चालेल का?

नाही. आपोआप गळालेले असले तरी ते उचलणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. जंगलालाही त्याचा उपयोग असतो: साळिंदर आणि खुद्द हरणे कॅल्शियमसाठी शिंगे कुरतडतात. फोटो काढा, जागा लिहा, गाईडला सांगा.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, वेळ, जागा, जात, एकूण संख्या. मग नर, माद्या, पिल्ले वेगळी. नरांच्या शिंगांची अवस्था लिहा: टणक, मखमल, बोडका. जनावर काय करत होते आणि कशावर चरत होते हेही. वनखाते व्याघ्रगणनेत साधारण दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवर पहाटे चालून अशीच नोंद घेते, शिवाय जनावराचे अंतर आणि कोन मोजते. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळाले तर तेच जनावर रात्रीत दोनदा येऊ शकते हे ध्यानात ठेवून प्रत्येक नोंदीला वेळ टाका.

जात ठरत नसेल तर ‘लहान हरीण, भेकर किंवा चौसिंगा’ असे लिहा आणि जे खरेच दिसले तेवढेच पुढे मांडा: पायावर पट्टा होता की नाही, शेपूट वर होती की खाली, पळाले ते झाडीत की उताराकडे.